थांबा कोण म्हणणार? एका मनोऱ्याचा घटनाक्रम

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. केळापूर तालुक्यातली पोरं त्यासाठी यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा कॉलेजात असतात, पुसदच्या बाबासाहेब नाईक कॉलेजात असतात, नाहीतर अमरावती-नागपूरला. चार-पाच जणांचा ग्रुप, एक गाइड आणि शेवटी बाइंडिंग केलेला रिपोर्ट. त्यात 'या प्रोजेक्टमुळे आम्ही टीमवर्क शिकलो' हे वाक्य ठरलेलं. टीमवर्क म्हणजे नेमकं काय शिकलो, ते मात्र कुणी लिहीत नाही.

18 नोव्हेंबर 1999 ला अमेरिकेच्या टेक्सास राज्यात विद्यार्थ्यांनी उभारलेलं एक अवाढव्य बांधकाम कोसळलं. गाव कॉलेज स्टेशन, विद्यापीठ टेक्सास ए अँड एम. 12 जण गेले, 27 जखमी झाले. त्या टीममध्ये मेहनतीला तोटा नव्हता, एकीला नव्हता आणि शिस्तीला तर नव्हताच. तरीही काहीतरी राहून गेलं होतं. ते कुठं आणि कधी राहिलं, हे वेळेच्या क्रमानं पाहू. पुढं कंसात दिलेली वेळ आपली, केळापूरची आहे.

90 वर्षं आधी

ए अँड एम म्हणजे ॲग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल, शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी जुनी संस्था. लष्करी शिस्तीचं कॅडेट दल हा तिचा कणा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाशी तिचं हाडवैर, पण अमेरिकन फुटबॉलच्या मैदानापुरतं. या दोघांच्या वार्षिक सामन्याआधी मोठा जाळ करायचा, अशी प्रथा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पडली. सुरुवातीला हाताला लागेल ते जाळायचे. मोडकी लाकडं, खोकी, भंगार. 1940 च्या दशकात पोरं जंगलात जाऊन झाडं तोडू लागली आणि ढिगाऱ्याची रचना होऊ लागली. मधोमध एक खांब, त्याच्याभोवती ओंडके.

इथून पुढं हा जाळ राहिला नाही, बांधकाम झालं. नाव मात्र 'बॉनफायर'च राहिलं. बांधकाम म्हटलं असतं तर नकाशा लागला असता, हिशेब लागला असता, कुणाची तरी सही लागली असती. जाळाला कोण सही मागणार?

30 वर्षं आधी

1969 साली मनोरा जवळपास 110 फुटांवर गेला. म्हणजे दहा-अकरा मजली इमारत, ओंडक्यांची, आणि उभारणारे सगळे वीस-बावीस वर्षांचे. त्यानंतर प्रशासनानं उंचीला मर्यादा घातली. 1999 साली लागू असलेली 55 फुटांची मर्यादा ती.

एव्हाना आकारही बदलत गेला होता. पूर्वी ओंडके तिरके रेलून शंकूसारखी रचना व्हायची. पुढं लग्नाच्या केकसारखे एकावर एक थर आले, प्रत्येक थरात ओंडके जवळजवळ उभे. तिरकी लाकडं स्वतःच्या वजनानं आतल्या बाजूला रेलतात आणि एकमेकांना धरून राहतात. उभ्या लाकडांना हा आधार नसतो, ती बांधूनच ठेवावी लागतात. एवढा मोठा बदल एका दिवसात झाला नाही. दरवर्षी थोडा थोडा होत गेला, आणि म्हणूनच तो कुणी ठरवला असं म्हणता येत नाही.

उंची मोजता येते, म्हणून नियम उंचीचा झाला. थर एकमेकांना कसे धरून आहेत हे डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून त्याचा नियम झाला नाही.

5 वर्षं आधी

1994 ला मनोरा कलला. मोठा पाऊस झाला होता, जमीन भुसभुशीत होती. मनोरा पाडला गेला, पोरांनी कंबर कसली, थोड्या दिवसांत नवा उभा केला आणि ठरल्या वेळी पेटवला. त्याआधी 1957 सालीही मनोरा कोसळला होता.

आता अशा वेळी टीम काय शिकते ते बघा. एक शिकवण अशी निघू शकली असती की ही रचना कलते, म्हणून तिचं गणित कुणाकडून तरी तपासून घेऊ. निघाली ती दुसरी: आपण कसल्याही संकटातून पुन्हा उभे राहतो. दोष पावसाच्या नावावर गेला. अपघात होता होता टळला, की बहुतेक टीमना आपली हिंमत आठवते. आपली चूक शोधायला कुणी बसत नाही. आपल्या वर्कशॉपमध्येही हे रोज घडतं. वेल्डिंग सुटतं, मशीन थोडक्यात वाचतं आणि संध्याकाळी चहावर तो किस्सा होतो. वहीत नोंद होत नाही.

दोन महिने आधी

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडतोड सुरू होते. प्रत्येक वसतिगृहाची आणि प्रत्येक कॅडेट तुकडीची आपली टोळी. कुऱ्हाडीनं झाड पाडायचं, फांद्या साळायच्या आणि दहा-पंधरा जणांनी ओंडका खांद्यावर घेऊन बाहेर काढायचा. एका हंगामात हजारो विद्यार्थ्यांचे हात या कामाला लागायचे. क्रेन, दोर, तार, रात्रीचे दिवे, जेवण, प्रथमोपचार, सगळी व्यवस्था पोरांचीच.

हुद्दे हेल्मेटच्या रंगावरून कळायचे. लाल हेल्मेटवाले सर्वांत वर. ते सांगतील तसं काम चालायचं. पण त्यांना कुणी शिकवलं? आदल्या वर्षीच्या लाल हेल्मेटवाल्यांनी. आणि त्यांना त्याच्या आदल्या वर्षीच्यांनी. सगळी विद्या तोंडी. तीन-चार वर्षांत माणूस पदवी घेऊन निघून जातो आणि त्याच्याबरोबर काय काय जातं याची मोजदाद नसते. 'हे असंच करायचं' एवढं मागे उरतं. 'हे असं का करायचं' ते पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच गळून पडतं.

दोन आठवडे आधी

रचाई सुरू होते. दोन खांब एकमेकांना जोडून केलेला मधला खांब जमिनीत खोल रोवलेला. त्याच्याभोवती पहिला थर. ओंडके उभे करायचे आणि शेजारच्या ओंडक्याला तारेनं बांधायचे. त्यावर दुसरा थर.

इथं दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी, की दुसऱ्या थराचे ओंडके पहिल्या थरातल्या फटींमध्ये जोर लावून ठोकून बसवले गेले, पाचरीसारखे. दिसायला हे काम भक्कम. हलवून पाहा, ओंडका जागचा हलत नाही. दुसरी अशी, की अलीकडच्या वर्षांत पहिल्या थराला बाहेरून पोलादी केबलचा वेढा आवळला जायचा. 1999 ला तो आवळला गेला नाही.

एकट्या पहिल्या गोष्टीनं कदाचित निभावलं असतं, एकट्या दुसरीनंही. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा काय होतं, हे सांगायला मांडणीचा कागद लागतो. तो नव्हता. केबल वगळली तर कुठल्या रकान्यात खूण करायची, असा रकानाच अस्तित्वात नव्हता. ज्याला हा बदल दिसला असेल त्याला तो बदल वाटलाही नसेल.

17 नोव्हेंबर, संध्याकाळचे 6 (केळापूर: 18 नोव्हेंबर, पहाटेचे 5.30)

सामना 26 तारखेला, जाळ 25 च्या रात्री. हातात आठवडाभर. काम आता रात्रंदिवस, पाळ्यांमध्ये चाललेलं. दिवसा वर्ग, रात्री मनोरा. जो येत नाही तो आपला नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

आपल्याकडे तेव्हा कापसाचा हंगाम. सरकारच्या एकाधिकार खरेदीचे दिवस. पांढरकवड्याच्या वाटेवर कापसाच्या गाड्या, वावरात वेचणीच्या बायका. दोन्हीकडे हंगामाची घाई, आणि घाईत ज्या गोष्टी सुटतात त्याही दोन्हीकडे सारख्याच.

मध्यरात्र (केळापूर: सकाळचे 11.30)

मनोऱ्यावर रात्रपाळी चालू आहे. पोरं ओंडक्यांना बिलगून उंचावर आहेत, काहीजण दोराच्या झोपाळ्यावर बसून तारा आवळत आहेत. खालून क्रेन ओंडका वर देते, वरचे तो बसवतात. सगळं नेहमीसारखं.

लाकडाच्या आत मात्र नेहमीसारखं नाही. काय चाललंय ते केळापूरच्या माणसाला एका उदाहरणानं सांगता येईल: जिनिंग-प्रेसिंगमध्ये बांधलेली 170 किलोची कापसाची गाठ आठवा. दाबलेली रुई सतत बाहेर ढकलत असते आणि भोवतीच्या पट्ट्या तिला रोखून धरतात. गाठीचा आकार रुईनं राखलेला नसतो, पट्ट्यांनी राखलेला असतो. एक पट्टी तुटली की तिचा भार शेजारच्या पट्टीवर येतो. ती तग धरेल तर ठीक.

मनोऱ्याच्या पहिल्या थरात हेच घडत होतं. वरून ठोकलेले ओंडके खालच्या ओंडक्यांना बाहेर ढकलत होते. थर जसजसे वाढत होते तसतसा रेटा वाढत होता. तो रोखायला होत्या फक्त तारा. आणि तार दिसायला शाबूत असते, तुटायच्या आधीच्या सेकंदापर्यंत.

म्हणूनच या कामात कुणी डोळ्यांनी धोका ओळखायला हवा होता असं म्हणणं अन्यायाचं आहे. तो दिसणारा नव्हता. तो मोजायचा होता.

रात्रीचे 2 (केळापूर: दुपारचे 1.30)

चार थर उभे. उंची 59 फूट, म्हणजे मर्यादेपेक्षा चार फूट जास्त. मनोऱ्यावर पन्नासहून जास्त जण. रचलेले ओंडके सुमारे 5,000, वजन शेकडो टन.

या चार फुटांवर नंतर बरंच बोललं गेलं. त्या चार फुटांनीच मनोरा पडला असं नाही. पण ते एक लक्षण होतं. नियम होता, तो मोडलेला सगळ्यांना दिसत होता आणि तरी काम थांबलं नाही. नियम मोडला तर काम थांबवायचं, असं कुणाच्या जबाबदारीत लिहिलेलंच नसेल तर नियम भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा लटकत राहतो.

2 वाजून 42 मिनिटं (केळापूर: दुपारचे 2.12)

तारा सुटल्या. पहिला थर फुटला. मधला खांब मोडला. अख्खा मनोरा आग्नेयेकडे झुकला आणि काही सेकंदांत आडवा झाला. वरची पोरं ओंडक्यांसकट खाली आली. काही फेकली गेली, काही आत अडकली.

पुढची काही मिनिटं

विद्यापीठातच विद्यार्थ्यांनी चालवलेलं एक स्वयंसेवी आपत्कालीन पथक होतं. मनोऱ्याच्या कामावर ते नेहमी हजर असायचं, त्या रात्रीही होतं. त्या पोरांनी जागेवरच जखमींची वर्गवारी सुरू केली. आधी कोण, मग कोण. पोलिसांना आणि रुग्णवाहिकांना खबर गेली, शेजारच्या ब्रायन शहराचीही मदत निघाली. योगायोग असा की टेक्सासचं अव्वल शोध-बचाव पथक, टेक्सास टास्क फोर्स 1, याच विद्यापीठाच्या परिवारातलं आणि याच गावातलं.

हे नीट लक्षात घेण्यासारखं आहे. अपघातानंतर काय करायचं याची तयारी चोख होती. माणसं नेमलेली, कामं वाटलेली, सराव झालेला. अपघात होऊ नये म्हणून काय करायचं, या खात्यात मात्र तशी तयारी नव्हती.

पहाट (केळापूर: दुपार ते संध्याकाळ)

ढिगाऱ्याला यंत्र लावायचं की नाही? लावलं तर एक ओंडका उचलताना दहा घसरतील आणि आत जिवंत असलेले चिरडतील. म्हणून बरेचसे ओंडके हातांनी काढायचं ठरलं. बातमी पसरली तशी पोरं धावत आली. कॅडेट आले, फुटबॉलचा सगळा संघ आला. ज्यांच्या सामन्यासाठी हा मनोरा होता तेच खेळाडू आता त्याचे ओंडके वाहत होते. हंट्सव्हिलच्या एका लाकूड कंपनीनं ओंडके हलवायची यंत्रं आणि ती चालवणारी माणसं पाठवली.

ढिगाऱ्यात 17 वर्षांचा एक पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. स्वतः गंभीर जखमी. बचाव करणारे त्याच्यापाशी पोचले तेव्हा तो आत अडकलेले इतर कुठं आहेत ते दाखवत राहिला, आधी त्यांना काढा म्हणाला. पुढं तोही वाचला नाही.

आणि याच पहाटे आणखी काही माणसांना बोलावणं गेलं: विद्यापीठाच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांना. त्यांनी सांगायचं होतं की कोणता ओंडका आधी काढला तर उरलेला ढीग ढासळणार नाही.

या घटनाक्रमातली सगळ्यात बोचरी नोंद ही. भाराचं गणित येणारी माणसं त्याच आवारात, पायी जाण्याच्या अंतरावर होती. मनोरा कसा काढायचा हे त्यांना विचारलं गेलं. कसा रचायचा, हे विचारायची रीत नव्हती.

सकाळ, सुमारे साडेनऊ (केळापूर: रात्रीचे 9)

ढिगाऱ्यातून शेवटचा जिवंत विद्यार्थी बाहेर काढला गेला. कोसळल्याला जवळपास सात तास झाले होते. त्यानंतरही काम थांबलं नाही. चोवीस तास उलटून गेल्यावरच ढिगारा पूर्ण तपासून झाला.

एका आठवड्यानं

25 नोव्हेंबरच्या रात्री, जेव्हा जाळ पेटायचा होता, त्या जागी हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले. त्यात ऑस्टिनचे, म्हणजे प्रतिस्पर्धी विद्यापीठाचेही होते. दुसऱ्या दिवशी सामना झाला, ए अँड एमनं तो 20-16 असा जिंकला.

साडेपाच महिन्यांनी

2 मे 2000 ला चौकशी आयोगाचा अहवाल आला. आयोगाचे प्रमुख लिओ लिनबेक, ह्यूस्टनचे मोठे बांधकाम व्यावसायिक. मनोरा का पडला याचं उत्तर अहवालात आहेच: वरच्या ओंडक्यांच्या पाचरींनी पहिल्या थरात निर्माण झालेला बेसुमार ताण, आणि तो रोखायला अपुरा पडलेला तारांचा बंद. केबलचा वेढा नसणं त्यातच आलं.

पण आयोग तिथं थांबला नाही. पडण्याचं मूळ त्यानं संस्थेच्या वागण्यात शोधलं. रचनेची लेखी मांडणी नाही, पोरांना या आकाराचं काम झेपेल का याचा विचार नाही, धोका आधी ओळखायची पद्धत नाही. दारू, गैरवर्तन, इजा अशी एकेक तक्रार आली की प्रशासन तेवढीच हाताळायचं. मनोरा स्वतःच धोका आहे, हा प्रश्न त्या वातावरणात विचारलाच जात नव्हता. प्रथा इतकी लाडकी होती की तिच्याकडे इंजिनिअरच्या नजरेनं बघणं म्हणजे पाप वाटावं.

कुणा एका विद्यार्थ्यावर आयोगानं बोट ठेवलं नाही. ठेवता येण्यासारखंही नव्हतं. प्रत्येकानं आपल्याला सांगितलेलं काम नीट केलं होतं.

विद्यापीठाच्या आवारात बॉनफायर परत आलेला नाही. 2002 पासून विद्यार्थी आवाराबाहेर स्वतंत्रपणे तो करतात, पण त्याची रचना आता व्यावसायिक इंजिनिअरकडून तपासलेली असते आणि त्यात प्रत्येक ओंडका थेट जमिनीला टेकलेला असतो. एका थराचा भार दुसऱ्याच्या फटीत जात नाही. उपाय इतका साधा होता. तो सुचायला बारा जीव जावे लागले, कारण त्याआधी तो शोधायचं काम कुणाचं नव्हतं.

अनुभवी माणसं असती तर?

पोरांकडे काम सोपवलं म्हणून असं झालं, असं म्हणणारे असतील. त्यांनी 27 जानेवारी 1986 ची रात्र आठवावी. चॅलेंजर यानाच्या बूस्टर रॉकेटचे इंजिनिअर, त्या विषयातले पट्टीचे जाणकार, टेलिफोनवरच्या बैठकीत सांगत होते की 12 अंश सेल्सिअसखालच्या थंडीत रबरी कडी नीट बसणार नाही, उड्डाण पुढं ढकला. नासाच्या अधिकाऱ्यांनी कुरकुर केली, कंपनीचे व्यवस्थापक बाजूला जाऊन बोलले आणि इंजिनिअरांचा सल्ला फिरवून परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले.

टेक्सासमध्ये थांबा म्हणणं कुणाचं काम नव्हतं. चॅलेंजरच्या वेळी थांबा म्हणणारे होते, पण त्यांच्या शब्दानं काम थांबत नव्हतं. दोन्हीचा शेवट एकच. माणूस हुशार असणं पुरत नाही, त्याच्या 'थांबा'ला अधिकार लागतो, आणि तो अधिकार काम सुरू व्हायच्या आधी द्यावा लागतो. क्रेन हवेत असताना तो मागून मिळत नाही.

एकटा असेल तर?

आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत, ऑगस्ट 2021 मध्ये एका तरुण वेल्डरचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना मृत्यू झाला. शाळा आठवीपर्यंत, बाकी सगळं हातांनी आणि डोक्यानं शिकलेलं. जमिनीवरच चाचणी चालू असताना पातं तुटलं आणि त्याच्या डोक्याला लागलं. तेव्हा सगळीकडे कौतुक आणि हळहळ झाली, ती खरीच होती. पण त्या पोराला फिरत्या पात्यापासून किती लांब राहायचं, पात्यावर येणारा ताण कसा मोजायचा, हे सांगणारा माणूस त्याच्या वाटेत आला नाही. जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेजं होती. त्यांच्या मेकॅनिकल विभागाच्या दारापर्यंत गावातल्या वेल्डरनं यावं, अशी वाट आपण कधी बनवलीच नाही.

टेक्सासचे हजारो आणि फुलसावंगीचा एकटा, दोघांकडेही एकच जागा रिकामी होती: आधी तपासणाऱ्याची. टीम मोठी असली म्हणून ती जागा आपोआप भरत नाही. उलट मोठ्या टीममध्ये प्रत्येकाला वाटतं की ती दुसऱ्या कुणीतरी भरली असेल.

यंदाच्या प्रोजेक्टच्या आधी

आता परत आपल्या प्रोजेक्टकडे. कुणी पऱ्हाटी बारीक करायचं यंत्र करतं, कुणी पाठीवरचा फवारणी पंप. ही यंत्रं प्रदर्शनापुरती नसतात, ती कुणाच्या तरी हातात आणि पाठीवर जातात. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले. पंपाचा वॉशर गळला तर काय होतं, हे इथं पुस्तकात शोधावं लागत नाही.

म्हणून टीमवर्क शिकायचं तर रिपोर्टातल्या त्या एका वाक्याऐवजी तीन कामं करावीत. पहिलं, पहिल्या दिवशी मांडणी कागदावर काढावी आणि गेल्या वर्षीच्या ग्रुपपेक्षा किंवा ठरल्यापेक्षा काहीही बदललं, एक बोल्ट कमी लावला तरी, तारीख घालून लिहावं. टेक्सासची केबल अशाच एका न लिहिलेल्या ओळीतून सुटली. दुसरं, काही तुटलं, घसरलं, थोडक्यात वाचलं, की त्याच दिवशी नोंद करावी आणि कारण पावसावर, लाइटीवर, मशीनवर ढकलण्याआधी मांडणी तपासावी. तिसरं, ग्रुपबाहेरच्या एका माणसाला, ज्याला हे यंत्र चालण्यात काही स्वार्थ नाही अशाला, चालू करण्याआधी दाखवावं.

आणि चौथं, ज्यावाचून या तिन्हींना अर्थ नाही: ग्रुपमध्ये काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे ते नावानिशी लिहावं. तो लीडर नसावा. लीडरला काम पूर्ण करायचं असतं, तारीख गाठायची असते, सगळ्यांना खूश ठेवायचं असतं. थांबवणारा वेगळा असावा, आणि त्यानं थांबवलं की का थांबवलं हे आधी ऐकावं, वाद मशीन बंद करून घालावा. चार वेळा त्यानं विनाकारण थांबवलं म्हणून पाचव्यांदा त्याच्यावर हसणारा ग्रुप, पाच हजार ओंडक्यांच्या ग्रुपपेक्षा फार वेगळा नाही.

गाइडनं प्रोजेक्टवर सही करायची असते. बहुतेकदा ती सबमिशनच्या आदल्या दिवशी होते, रिपोर्टच्या पहिल्या पानावर, यंत्र बनून झाल्यावर. ती सही यंत्राचा स्विच पहिल्यांदा दाबण्याच्या आधी झाली पाहिजे, मांडणीच्या कागदावर, थांबवणाऱ्याच्या नावाशेजारी. कॉलेजांनी एवढा एक नियम केला, तर 'आम्ही टीमवर्क शिकलो' हे वाक्य रिपोर्टात लिहायची गरजही उरणार नाही.